कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची टाकी: पहिले मासे कोणते, सामान काय घ्यावं?

कळंबेकर · ११ जानेवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे सहा वर्षं पाळतोय (गोल्डफिश, मॉली, मध्ये एक अँजलची जोडी). दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीचं मत्स्यालय बघून आलो आणि तेव्हापासून तिसरीतल्या लेकीनं डोकं खाल्लंय. तिला समुद्रातलेच मासे हवेत. खरं सांगायचं तर मलाही हवेत, नाव तिचं.

माळ्यावर दोन फुटी टाकी पडून आहे. दुकानदारानं यादी दिली: निमो २, डोरी १, निळे डॅमसेल ३, एक ॲनिमोन (निमो ज्यात लपतो तो फुलासारखा प्राणी), आणि "सी-हॉर्स पाहिजे असेल तर गुपचूप मागवून देतो". बजेट २५ हजारांपर्यंत.

प्रश्न तीन. दोन फुटी चालेल का? यादी बरोबर आहे का? आणि दर महिन्याला गणपतीपुळ्याला जाणं होतंच, तर येताना कॅन भरून समुद्राचं पाणी आणलं तर मिठाचा खर्च वाचेल का?

नाद_एकच · ११ जानेवारी, रात्री १०:३१

दोन फुटात डोरी म्हणजे म्हैस माडीवर बांधल्यागत हाय भावा. चढवशील, पण पुढं काय?

खारेपाणी · ११ जानेवारी, रात्री ११:५०

कळंबेकर, नऊ वर्षं खारी टाकी सांभाळतोय, राजारामपुरीत. सुरुवात तुमच्यासारखीच केली होती, माळ्यावरच्या दोन फुटीनं. चौथ्या महिन्यात, मे मध्ये, सगळं संपलं. कसं ते सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही.

दोन फुटीत दगड-वाळू धरून जेमतेम ५० लिटर पाणी मावतं. उकाडा म्हणून मी वरून पंखा लावला होता. लग्नासाठी चार दिवस गावी गेलो. तेवढ्यात ८ लिटर पाणी उडालं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणजे ३५ पीपीटीचा (हजारात ३५ भाग मीठ) खारेपणा जवळजवळ ४२ झाला. आणि आल्या आल्या शहाणपणा असा केला की कमी झालेलं पाणी *खाऱ्या* पाण्यानं भरलं! उडालेलं पाणी नेहमी गोड्या आरओ पाण्यानंच भरायचं, हे मला दोन मासे गेल्यावर कळलं. हेच ८ लिटर १५० लिटरमधून उडाले असते तर ३५ चे ३७ झाले असते. मासे तरले असते.

तर पहिलं उत्तर: तीन फुटी घ्या. ३ × दीड × दीड फूट, साधारण १९० लिटर, आतलं सामान वजा जाता दीडशे. नवख्या माणसाला मोठी टाकी सोपी जाते, कारण चूक सुधारायला वेळ मिळतो.

दुसरं, पाणी. आता काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं येवो नाहीतर बोअरचं, नळाचं पाणी थेट वापरू नका. घरचा आरओ चालेल, पण त्याला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायचा एक बारीक स्क्रू असतो. पाणी चवीला लागावं म्हणून तो कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करा, मिनरलची नळकांडी काढा, आणि शेवटी डीआय रेझिनचं (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारं) एक काडतूस जोडा. टीडीएस मीटर शून्य दाखवायला हवा. ४०-५० च्या पाण्यात मासे मरणार नाहीत, पण शेवाळ काढता काढता तुम्ही मराल.

आणि हो, पाणी तांब्याच्या घागरीत साठवू नका. माशांपेक्षा कोलंबी, गोगलगाय, खेकडे यांना तांबं विष आहे. जुन्या टाकीत कधी तांब्याचं औषध ओतलं असेल तर ती टाकीही माळ्यावरच बरी.

माशांचं उद्या. झोप आली.

ऊसदर · १२ जानेवारी, सकाळी ७:०५

वाचनखूण साठवली. एक शंका. मी साखर कारखान्यात आहे, माझ्याकडं उसाचा ब्रिक्स (रसातल्या साखरेचं प्रमाण) बघायचा रिफ्रॅक्टोमीटर पडून आहे. त्यानं खारेपणा मोजता येईल का? कळंबेकरांना पाहिजे असेल तर देतो, वापरात नाही.

खारेपाणी · १२ जानेवारी, दुपारी १:२०

@ऊसदर, यंत्राचं तत्त्व एकच, पण पट्टी साखरेची. समुद्राचं पाणी त्यावर चार-साडेचारच्या मध्ये कुठंतरी दिसेल. त्यातली एक बारीक रेघ म्हणजे खारेपणात दीडेक पीपीटीचा फरक. उसाला चालतं, माशाला नाही. समुद्राच्या पाण्याचा रिफ्रॅक्टोमीटर वेगळा घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर जुळवून घ्या, नुसत्या आरओ पाण्याच्या शून्यावर नको. प्लॅस्टिकचा काटा असलेला हायड्रोमीटर दुकानदार फुकट देईल. काट्याला बुडबुडा चिकटला की तो काहीही सांगतो.

आता मासे. कळंबेकर, यादीवर काट मारतो, रागावू नका.

डोरी म्हणजे ब्लू टँग. फुटाएवढा होतो, दिवसभर पोहणारा. त्याला सहा फुटी टाकी लागते. शिवाय पांढरे ठिपके, म्हणजे मरीन इक, सगळ्यात आधी यालाच. बाद.

डॅमसेल स्वस्त आणि चिवट, म्हणून दुकानदार पहिल्यांदा हेच गळ्यात मारतात. तीन महिन्यांनी तो अख्ख्या टाकीचा सातबारा स्वतःच्या नावावर करतो. बाद.

ॲनिमोनला सहा महिने ते वर्षभर मुरलेली टाकी आणि तगडा उजेड लागतो. नाहीतर तो विरघळतो आणि जाताना बाकीच्यांना घेऊन जातो. निमोला त्याची गरजही नाही, माझी जोडी नऊ वर्षं पंपाच्या कोपऱ्यात झोपते.

उरला निमो. ऑसेलारिस क्लाउनफिश. तो घ्या, दोन घ्या, एक लहान एक मोठा. मरून क्लाउन आणि टोमॅटो क्लाउन दिसायला देखणे, पण स्वभावानं भांडखोर. दुकानात पाट्या अदलाबदल होतात, म्हणून नीट बघून घ्या.

त्यांच्या जोडीला नंतर, खूप नंतर, एखादा वॉचमन गोबी, एक पजामा कार्डिनल किंवा फायरफिश. फायरफिश आणायचा तर टाकीवर जाळी पाहिजे. तो रात्री उडी मारतो आणि सकाळी कपाटामागं सुकट होऊन मिळतो. दीडशे लिटरमध्ये एवढंच. पाच मासे झाले की थांबायचं.

मालवणी_माणूस · १२ जानेवारी, दुपारी ३:४४

समुद्राच्या पाण्याबद्दल मी बोलतो, कारण आमच्या दारातच आहे. पर्यटक भरतात ते पाणी किनाऱ्यावरचं. त्यात वाळू, होड्यांचं डिझेल, हॉटेलांचं सांडपाणी. पावसाळ्यात खाड्या भरून वाहतात तेव्हा किनाऱ्याजवळ खारेपणा किती उतरतो त्याचा नेम नाही. आत होडी नेऊन, भरतीच्या वेळी, पावसाळा सोडून भरलंत, मग गाळून काळोखात आठवडाभर ठेवलंत, तर वापरण्याजोगं. एवढं करून ते आंबा घाटानं सव्वाशे-दीडशे किलोमीटर कोल्हापूरला न्यायचं. डिझेलचा हिशेब केलात तर पिशवीतलं मीठ परवडतं.

किनाऱ्यावरची वाळूही नको. आमची वाळू बहुतेक सिलिकाची. टाकीला अरागोनाइट वाळू लागते, ती चुन्याची असते आणि पाण्याचा पीएच सावरून धरते.

नाद_एकच · १२ जानेवारी, दुपारी ४:०२

मिठावरनं आठवलं. आमच्या गल्लीतल्या एकानं किराणा दुकानातलं खडेमीठ टाकून केलती टाकी. मासं दोन दिवसात लोणच्यागत.

प्राणिशास्त्राच्या_बाई · १२ जानेवारी, रात्री ९:१०

हसू आलं, पण कारण सांगते. खडेमीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं सगळं ठरावीक प्रमाणात असतं. ॲक्वेरियमच्या पाकिटावर "मरीन" किंवा "रीफ" सॉल्ट असंच लिहिलेलं हवं. गोड्या पाण्यातल्या माशांना औषध म्हणून देतात ते निळं मीठ वेगळं.

कळंबेकर, तुमच्या दुकानदाराचा "गुपचूप" हा शब्द मला खटकला. समुद्रघोडे आणि प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आले. म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रातून काढलेला "लाइव्ह रॉक" हा प्रवाळाचाच सांगाडा, तोही त्यातच आला. कारखान्यात बनवलेला सिरॅमिक किंवा सिमेंटचा दगड घ्या. त्यावर माशांची घाण पचवणारे जिवाणू बसायला वेळ लागतो, पण बसतात.

क्लाउनफिश मात्र निर्धास्त घ्या, फक्त टाकीत जन्मलेले मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलंय. पैदाशीचे मासे तयार खाद्य पहिल्या दिवसापासून खातात. विकत घेण्याआधी दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

खारेपाणींनी एक लहान एक मोठा असं का सांगितलं? क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला दांडगा पुढे मादी होतो. आकारात फरक असला की ही वाटणी भांडणाशिवाय होते. लेकीला हे जरूर सांगा, आमच्या अकरावीच्या पोरांचा विश्वास बसत नाही.

कळंबेकर · १३ जानेवारी, सकाळी ११:००

बाई, खारेपाणी, मनापासून आभार. यादी फाडली. तीन फुटी टाकीचं ठरलं. आता सामान सांगा. दुकानदार कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा डबा-फिल्टर), यूव्ही दिवा, चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) असं सगळं म्हणतोय.

खारेपाणी · १३ जानेवारी, रात्री १०:४०

चिलरचे पैसे वाचवा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ३६-३८ ला जातो, पण पाण्यावर तिरका पंखा मारला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. २५-२६ चं लक्ष्य, २८ ला घाबरायचं नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे पंख्याचा उपयोग कमी, पण तेव्हा गरजही नसते. हीटर मात्र हवाच, २०० वॅटचा. जानेवारीच्या रात्री कळंब्याच्या तलावाकडून वारं येतं ते तुम्हाला मी काय सांगू.

खरा खर्च करायचा तो प्रोटीन स्किमरवर. गुऱ्हाळात काहिली उकळताना वर मळी येते आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढतो ना, अगदी तसं. बारीक बुडबुड्यांना माशांची घाण चिकटते, फेस होऊन वरच्या कपात येते, कप आपण ओतून टाकायचा. घाण कुजायच्या आधीच बाहेर. गोड्या पाण्यात असा बारीक फेस धरत नाही, म्हणून तुम्ही हे यंत्र कधी पाहिलं नसेल. आधी बघायला या, वासानं खात्री पटेल.

मग दोन वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारे पंप, समोरासमोर. सगळे मिळून तासाला टाकीच्या दहा ते वीसपट पाणी हललं पाहिजे. कॅनिस्टर असेल तर वापरा, पण त्यातला स्पंज दर आठवड्याला धुवायचा, नाहीतर तो नायट्रेटचा कारखाना. यूव्ही आत्ता नको. नुसते मासेच ठेवायचे तर दिवा साधा एलईडी पुरे.

आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप. हा विसरू नका.

वेल्डिंगवाला · १४ जानेवारी, दुपारी १२:१५

स्टँडचं कोणीच बोलंना. दीडशे लिटर पाणी, दगड, वाळू, काच मिळून अडीचशे किलोच्या घरात वजन होतंय. शोकेसवर ठेवायचा विचार असंल तर सोडा. उद्यमनगरात कुणाकडूनबी चौकोनी पाइपाचा स्टँड करून घ्या, पण वेल्डिंग झाल्यावर इपॉक्सी रंगाचे दोन हात मारायला लावा. खारं पाणी ठिबकतंय, वाळतंय, साध्या रंगाखालनं गंज धरतोय. वर प्लायवूड, प्लायवर थर्माकोल, मग टाकी. स्पिरिट लेव्हल लावल्याशिवाय पाणी भरू नका.

पेठकर · १४ जानेवारी, रात्री ८:३०

सम्पशिवाय खारी टाकी म्हणजे अर्धवट काम. खाली दुसरी टाकी, त्यात स्किमर, हीटर सगळं लपतं.

खारेपाणी · १४ जानेवारी, रात्री ९:०५

सम्प उत्तमच. पण लाईट गेल्यावर वरचं पाणी खाली किती उतरतं याचा हिशेब चुकला तर फरशीवर रंकाळा. पहिल्या टाकीला टांगायचा स्किमर बास. यावर आपण आधीही भांडलोय, इथं नको. :)

कळंबेकर · २ मार्च, रात्री ९:४५

अपडेट. टाकी उभी राहिली. ड्रममध्ये आरओ पाणी, त्यात हळूहळू साडेपाच किलो मीठ (पाण्यात मीठ, मिठावर पाणी नाही, हे बाईंनी फोनवर बजावलं), चोवीस तास पंप लावून ढवळलं. ३१ जानेवारीला अमोनियासाठी एक कच्ची कोलंबी टाकली. चौथ्या दिवसापासून बायको विचारतेय की घरात बोंबील कुठं वाळत घातलाय.

अमोनिया आधी चढला, मग उतरला, मग नायट्राइट चढला, अजून शून्याला आला नाही. दगडांवर तपकिरी शेवाळाचा थर आलाय. आणि एक कबुली: चौदाव्या दिवशी दुकानदारानं एक निळा डॅमसेल "टाकी सेट करायला" म्हणून जवळजवळ फुकट दिला. घेतला.

नाद_एकच · २ मार्च, रात्री ९:५२

झालं. सातबारा.

प्राणिशास्त्राच्या_बाई · २ मार्च, रात्री १०:२०

तपकिरी थर डायटमचा आहे, नव्या टाकीत येतोच, काही आठवड्यांत जातो. हात लावू नका. नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वर, असं दोनदा दिसलं की चक्र (जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात ते) पूर्ण. साधारण चार ते सहा आठवडे धरा, कोरड्या दगडावर जास्तही. डॅमसेलला त्या अमोनियात सोडणं योग्य नव्हतं एवढंच म्हणते. जगलाय तो त्याचा चिवटपणा.

कळंबेकर · २४ मार्च, सकाळी ८:१०

डॅमसेल काढला. तीन दिवस लागले! जाळीला दाद देईना. शेवटी पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोलंबीचा तुकडा, आणि लाईट बंद करून अंधारात बसलो. सोमवारी रात्री साडेअकराला गडी आत शिरला. लेक झोपली होती, उठवून दाखवला. दुकानात परत दिला तर म्हणतो, "का हो, चांगला तर होता."

क्लाउन आणायचेत. ऊसदर यांचा रिफ्रॅक्टोमीटर आणलाय, चार दाखवतोय. चार म्हणजे चालेल ना?

खारेपाणी · २४ मार्च, सकाळी ८:२५

नाही!! थांबा. रविवारी माझा घेऊन येतो.

खारेपाणी · २९ मार्च, रात्री ८:००

जाऊन आलो. ऊसदरच्या यंत्रावर चार, माझ्यावर ३१. पुढच्या पाणीबदलाचं पाणी थोडं घट्ट करून दोन आठवड्यांत ३५ ला आणायचं ठरलंय. गंमत अशी की दुकानातलं पाणी बहुतेकदा याहून पातळ असतं. परजीवी कमी राहतात आणि मीठ वाचतं म्हणून दुकानदार तसं ठेवतात. म्हणून पिशवीतल्या पाण्याचा खारेपणा मोजायचा. पातळ पाण्यातला मासा एकदम घट्ट पाण्यात टाकला तर दोन दिवसांनी मरतो आणि आपण म्हणतो दुकानदारानं आजारी दिला.

मासे आले की थेट मोठ्या टाकीत नकोत. माळ्यावरची ती दोन फुटी आता काढा. रिकामी, वाळूशिवाय, पाइपाचे दोन तुकडे लपायला, आणि महिनाभर तिथं ठेवा. पांढरे ठिपके मोठ्या टाकीत घुसले तर सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. औषध तांब्याचं, ते मोठ्या टाकीत ओतता येत नाही.

कळंबेकर · १९ मे, रात्री ११:३०

दोन्ही क्लाउन महिनाभर छोट्या टाकीत काढून पंधरवड्यापूर्वी मोठ्या टाकीत आले. दोघंही व्यवस्थित खातात.

आज लिहायचं कारण वेगळं. संध्याकाळी साडेपाचला वळवाचा पाऊस आला, विजांसकट, आणि लाईट गेली ती साडेदहाला आली. वेव्हमेकर बंद, पाणी काचेसारखं स्थिर. खारेपाणींनी सांगितलेला बॅटरीचा पंप शोधला तर त्यात सेल नव्हते. टीव्हीच्या रिमोटचे काढले, ते बारीक निघाले. शेवटी पावसात कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठे सेल आणले. तोवर लेक मगानं पाणी वर उचलून धार सोडत होती, पाऊण तास, हात दुखले तरी. मासे ठीक आहेत. खायला आज दिलं नाही.

खारेपाणी · १९ मे, रात्री ११:४१

पोरीनं नेमकं तेच केलं जे करायला हवं होतं. पृष्ठभाग हलला की प्राणवायू मिळतो. सेल पंपाच्या आत ठेवू नका, गळतात. बाजूला रबर लावून ठेवा.

कळंबेकर · २७ जुलै, रात्री ९:००

काचेवर मार्करनं रेघ मारलीय. शाळेत जाण्याआधी लेक रेघेपर्यंत आरओ पाणी भरते, पावसाळ्यात जेमतेम एक मग लागतो. मोठा क्लाउन, म्हणजे आता बहुतेक मादीच, काच पुसताना हाताला येऊन धडकते. पुढच्या महिन्यात वॉचमन गोबी आणि जमलं तर पिस्टल कोलंबी. कोलंबीला नीट दिसत नाही, ती मिशी माशाच्या शेपटीला लावून बिळाबाहेर येते, हे बाईंनी सांगितल्यापासून घरात दुसरा विषय नाही.

स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर घेतला. ऊसदर, तुमचा काल कुरिअर केलाय.

ऊसदर · ३० जुलै, सकाळी ७:१५

मिळाला. काचेवर मीठ वाळून तसंच होतं की राव, पुसून तरी पाठवायचा.